खानझोडे सरांची वीतभर चीर

मणक्याचं ऑपरेशन समजावून सांगायला डॉ. खानझोडे सर नातेवाइकांची पाठ वापरत. आमच्या यवतमाळच्या दवाखान्यात आलेल्या गोतावळ्यातल्या एखाद्या धडधाकट भावाला ते स्टुलावर बसवायचे, सदरा वर करायला लावायचे आणि बॉलपेननं त्याच्या पाठीवर मणके काढायचे. मग मधोमध वीतभर रेघ. "हे माही चीर. आतलं सारं डोयानं दिसते. स्क्रू घालतो, सळ्या टाकतो, पक्कं काम." नंतर बाजूला चार ठिपके. "अन् हे या डॉक्टरायचे भोकं." हे डॉक्टर म्हणजे मी, सरांचा सहायक. "आता तुमीच सांगा, घर घ्याचं तं दार उघडून पाहान का भोकातून?" निवड अशी नातेवाइकांवर सोपवली जायची आणि ती कधी चुकत नसे.

मी लहान छेदांतून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत स्क्रू बसवायला शिकून आलो होतो. रक्त कमी जातं, स्नायू सोलावे लागत नाहीत, पेशंट लवकर उठतो. नस दाबली असेल तर मोठी चीर बरी, हे मलाही मान्य होतं. नस मोकळी असली की आमचा वाद सुरू व्हायचा. "राजा, तू टीव्ही पाहून ऑपरेशन करून राह्यला. लाइट गेली म्हंजे?" जनरेटर सरांनीच बसवला होता, पण ते त्यांना कोण सांगणार?

एकदा आर्णीकडच्या तांड्यावरची बाई कापसाच्या ट्रॉलीवरून पडली. सोबत तांड्याचा नायक होता. पाठीवरची रेघ आणि ठिपके त्यानं निमूटपणे सोसले आणि म्हणाला, "साहेब, तुमचं तुमच्यात ठरवा. बाई चालत घरी येइन ना, तेवढं सांगा." बाई चालत गेली. सरांचा हातच तसा होता. पाठ मात्र तिची उन्हाळाभर दुखत राहिली. "दुखते म्हंजे जित्ती हाये," सर म्हणाले.

पुढे एका मे महिन्यात कुलरची मोटर बघायला सर स्टुलावर चढले आणि पाठीवर आदळले. कमरेवरचा मणका फुटला. नस मोकळी होती, पण मणका खचत चालला होता. वेळेवर धरला नाही तर पाय जाणार होते. मॅडमनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, विचारलं, "कोणतं करता?" मी सावधपणे म्हणालो, "सर म्हणतील ते."

"भोकं पाड," सर छताकडे बघत म्हणाले.

"सर, तुमची चीरसुद्धा चालेल इथं..."

"कायले वाद घालून राह्यला बे?"

मला हसू आलं, आणि हात मी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ धुतले हेही खरं. दुसऱ्या दिवशी सर माझ्या खांद्याला धरून उभे राहिले. मी कौतुकाची वाट पाहत होतो. "एक टाका तिरपा पडला," ते म्हणाले.

पट्टा बांधून सर पुन्हा ओपीडीत येऊ लागले. मारेगावच्या एका पेशंटची फिल्म बघून म्हणाले, "याले बारीक भोकं पुरे हायेत. या डॉक्टरायकडून करून घ्या." पेशंटच्या भावाला ते पटेना. "तुमी मोठे डाक्टर, साहेब. तुमीच काहून नाही पाडत?"

सरांनी फिल्म पाकिटात घातली.

"मले येत नाही ते," सर म्हणाले. "शिकाची लाज वाटली."

इतकी वर्षं मी हा वाद जिंकायची वाट पाहिली होती. तो जिंकलो तेव्हा मला सरांकडे बघवेना.