किसनभाऊंनी सोडलेला बॉल

आखातात, मुसफ्फातल्या आमच्या कामगार कॅम्पच्या मागं एक मोकळा प्लॉट होता. त्यावर भंगारातल्या पाइपांचे दोन गोलपोस्ट उभे होते. किसन चौगुले या वेल्डरनं ते केले होते. टाके मारताना पाइप धरला होता वली मुजावरनं.

दोघं कोल्हापूरचे. एका पेठेतले, एकाच तालमीच्या फुटबॉल संघातून खेळलेले. किसनभाऊ बचावाला, वलीभाई गोलमध्ये. ब्याण्णव साली दोघं एकाच एजंटकडून इकडं आले आणि एकाच खोलीत राहिले. खाली किसनभाऊ, वरच्या बंकवर वलीभाई.

मी तिथं हजेरी लिहायला, टाइमकीपर म्हणून लागलो तेव्हा नुकताच मराठीत एम. ए. झालो होतो. किसनभाऊ मला मास्तर म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनीच ताट पुढं केलं.

"खा मास्तर. तुझ्या पुस्तकातल्यासारखं गोड नाही."

"त्याला पाणी दे आधी," वरच्या बंकवरून वलीभाई म्हणाले. "किसनच्या घरची, गिरिजावहिनींची चटणी आहे. पोरगं उद्याच परत जायचं."

त्या दोघांचा एक शब्द होता. सोड. वर्कशॉपमध्ये लांब पाइप खांद्यावरून न्यायचा असला की पुढं किसनभाऊ, मागं वलीभाई. टाकायची जागा आली की मागचा म्हणतो, सोड. दोघं एकदम खांदा काढतात. पुढच्यानं वळून बघायचं नसतं. बघितलं की तोल जातो, पाइप पायावर येतो.

मैदानातही तेच. उंच बॉल दोघांच्या मध्ये आला की गोलमधून घोगरी हाक यायची, सोड. किसनभाऊ उचललेला पाय खाली ठेवायचे. मागं काय झालं ते बघायचे नाहीत. बॉल वलीभाईंच्या छातीशी असायचाच.

दोन हजार सालच्या ऑगस्टमध्ये साइटवरून परत येताना वलीभाई बसमध्येच गेले. किसनभाऊंच्या खांद्यावर डोकं होतं. त्यांना वाटलं, झोप लागली. कॅम्प येईपर्यंत त्यांनी खांदा हलवला नाही.

घरच्यांशी बोलून वलीभाईंना इथल्याच बनियासच्या कबरस्तानात पुरलं. सामानाची पेटी मिरजेच्या एका माणसाबरोबर गेली. वरचा बंक दुसऱ्याला मिळाला.

त्यानंतर आमचा संघ हरतच गेला. मुसफ्फातल्या कंपन्यांची लीग होती, दोन डिव्हिजन होत्या. आम्ही वरच्या डिव्हिजनमध्ये तळाला आलो. गोलमध्ये आता मुनीर होता, मलप्पुरमचा मल्याळी. हात चांगले होते. पण तोंडातून शब्द काढायचा नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये लीगचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर आला. त्याच्या आदल्या आठवड्यात कॅम्प बॉस सूर्यकांतसाहेबांनी किसनभाऊंना बोलावलं. मी तिथंच टेबलाशी होतो.

"हे बघ किसन, यार्ड फुल झालंय. मॅनेजमेंटला तो प्लॉट पाइपांसाठी हवाय. मी सांगितलं, टीम फर्स्ट डिव्हिजनमध्ये आहे, कंपनीचं नाव होतं. खाली गेलात तर माझ्याकडे बोलायला काही नाही. खलास."

"बरोबरी झाली तरी आम्ही वर राहतोय, साहेब."

"मग करा बरोबरी. इन्शाल्ला."

बाहेर आल्यावर किसनभाऊ थेट मैदानावर गेले. मग म्हणाले, "वलीचं हितं काय राहिलंय, मास्तर? त्ये दोन पोस्टच की."

शुक्रवारी दुपारी त्यांनी स्वतः जळक्या ऑइलनं लाइनी मारल्या. चुना वाऱ्यानं उडतो, ऑइल वाळूत बसतं. समोर ब्लॉक फॅक्टरीचा संघ होता. त्यांची पोरं हसत होती.

"चाचा, मॅच खेलना है कि गाडी का ऑइल चेंज करना है?"

"तेरा ही करता हूँ, रुक," किसनभाऊ म्हणाले. त्या दिवशी ते शेवटचे हसलेले मला आठवतात.

सामना सुरू व्हायच्या आधी वलीभाई दोन्ही पोस्टवर तळहात मारायचे. पोकळ पाइप वाजायचा. मुनीर तसं काही करत नसे. त्या दिवशी किसनभाऊ गेले आणि त्यांनी तळहात मारले.

आम्ही एक गोल खाल्ला. मग एक केला. किसनभाऊंनी त्या दिवशी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. रेफरी घड्याळ बघायला लागला. कॅम्पमधली माणसं लाइनीला चिकटून उभी होती. बरोबरी होती.

तेव्हा तो बॉल आला. लांबून, उंच, सावकाश. किसनभाऊ नेमके त्याच्या खाली होते. त्यांनी पाय उचलला.

आणि खाली ठेवला.

बॉल त्यांच्या शेजारी टप्पा घेऊन पुढं गेला. ते वळले नाहीत. ब्लॉकवाल्यांचा एक पोरगा त्यांना वळसा घालून धावला. मुनीर गोललाइनवरच उभा होता. किसनभाऊ आमच्याकडे तोंड करून शांत उभे होते, काम झाल्यासारखे. गोल झाला हे आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना कळलं.

मुनीर धावत आला. "भाई, छोडा क्यूँ?"

"तू बोला ना. सोड."

"मैं कुछ नहीं बोला, भाई. मेरे को मराठी किधर आता है?"

किसनभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या मागच्या रिकाम्या गोलकडे पाहिलं. वाऱ्यावर वाळू येत होती. शिट्टी वाजली तरी ते हलले नाहीत. मी लाइनवर होतो. मी काय ऐकलं, काय नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

शनिवारी सकाळी पाइपांचा पहिला ट्रेलर आला. पोस्ट कापायचं काम वेल्डरचंच होतं. किसनभाऊ गॅस कटर घेऊन गेले. मला म्हणाले, "चल, धरायला कुणीतरी पाहिजे."

त्यांनी आडवा पाइप कापून खाली घेतला. चष्मा कपाळावर चढवला.

"इतकी वर्षं तो सोड म्हणाला की मी सोडला, मास्तर. आणि मी सोडला की त्यानं धरला. काल का नाही धरला?"

मी पाइपाच्या मागच्या टोकाशी गेलो. शिकलेलं काही आठवलं नाही.

आम्ही पाइप खांद्यावर घेतला. पुढं ते, मागं मी. उन्हानं आणि गॅसनं तो तापलेला होता. ढिगाऱ्यापाशी ते थांबले. मागच्यानं म्हणायचा तो शब्द आता मला म्हणायचा होता. माझा खांदा भाजत होता. शब्द निघेना.

ते पाठमोरे उभे होते. वळून बघत नव्हते.