मुहूर्तभाऊंच्या कॅमेऱ्यातलं घड्याळ

आमच्या मोताळ्यात एकही लग्न कधी उशिरा लागलेलं नाही. खोटं वाटत असेल तर कुठल्याही घरचा अल्बम उघडा. पत्रिकेत बारा पस्तीसचा मुहूर्त असेल, तर अंतरपाट दूर होतानाच्या फोटोच्या कोपऱ्यात बारा पस्तीसच दिसतील. मग वरात पारावर तीन तास का नाचलेली असेना! ही किमया आमच्या फोटोवाल्या भाऊंची. मंगलाष्टकं संपत आली की ते कॅमेऱ्यातलं घड्याळ मागं फिरवून पत्रिकेच्या वेळेवर आणत आणि मग धडाधड, सेकंदाला एक असे फोटो मारत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण सारा तालुका त्यांना मुहूर्तभाऊच म्हणायचा.

मी एकदा विचारलं, "भाऊ, खोटी वेळ काऊन टाकता?"

"अबे, लोकायले लग्न वेळेवर लावता येत नाई," ते म्हणाले. "फोटोत तरी वेळेवर लागू दे. कोनाचं काय जाते?"

या उशिराचा भाऊंनी धंद्यातही पुरेपूर उपयोग केला होता. एकाच मुहूर्ताची दोन लग्नं ते बिनधास्त घेत. दुपारी मोताळ्याचं उरकायचं, मोटारसायकलला किक मारायची आणि संध्याकाळी वरवट बकाल गावचं गाठायचं. दोन्ही पत्रिकांवर बारा पस्तीस. "माहा लोकायच्या उशिरावर देवाइतका भरोसा हाय," असं ते छातीठोकपणे सांगत. हा भरोसा वाया गेल्याचं मला तरी आठवत नाही.

त्यांचा दुसरा नाद म्हणजे प्रत्येक फोटोला स्वतःच्या हातानं नाव देणं. कॉम्प्युटरपुढं बसून एका बोटानं टाइप करायचे, 'वरवट नवरी हार', 'मोताळा फुफाजी रुसलेले', 'मोताळा फुफाजी अजून रुसलेले'. फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, प्रत्येक लग्नात रुसणारच. एका लग्नाला दोन-दोन दिवस लागत. मी तेव्हा पुण्याहून कॉम्प्युटर शिकून नुकताच परतलो होतो. अंगात शहाणपण मावत नव्हतं. म्हटलं, "भाऊ, सरका. चार ओळींची शेल स्क्रिप्ट लिहितो. ती शेवटच्या फोटोपासून मागं येत प्रत्येक फोटोत लपलेली वेळ वाचेल आणि तेच नाव देईल, तास, मिनिट, सेकंद. चहा येईस्तोवर काम खलास."

खरंच चहा येण्याआधी काम झालं. भाऊ कौतुकानं म्हणाले, "पोरगं लय हुशार झालं बे!" मीही मान डोलावली. एक फोटो दुसऱ्याचं नाव घेऊन आला तर पहिल्याला पुसून त्याच्या जागी बसतो, ही गोष्ट मला माहीत होती. पण एका माणसाच्या एका कॅमेऱ्यात एकच सेकंद दोनदा येईल, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

महिन्याभरानं वरवटची नवरी दुकानात आली. तिचे वडील नुकतेच गेले होते. ती म्हणाली, "भाऊ, लग्नात बाबा काठी टेकून उभे राह्यले होते. घरचे बाकी सारे फोटो खाटेवरचे हायेत. भिताडावर लावाले मले तोच पाह्यजे."

मी त्या दिवशीच्या दोन्ही लग्नांचं एकत्र फोल्डर उघडलं. कॅमेऱ्यात त्या दिवशी बारा पस्तीस दोनदा वाजले होते, आणि त्यानंतरच्या वरवटच्या फोटोंच्या जागी मोताळ्याची मंडळी बसली होती. अंतरपाट मोताळ्याचा, हार मोताळ्याचे, फुफाजीही मोताळ्याचेच. कॅमेऱ्यातलं कार्ड तर भाऊंनी पुढच्या लग्नासाठी कधीच कोरं केलं होतं. चूक माझी होती.

भाऊच बोलले. "चूक माही हाय, माय. घड्याळ म्या फिरवलं. बस जराशी."

मग त्या एका बोटानं ते एकेक फोटो पुढं सरकवू लागले. बारा छत्तीस, मोताळा. बारा अडतीस, मोताळा. बारा चाळीस, मोताळा. बारा त्रेचाळीसला बोट थांबलं. रिकामा होत आलेला मांडव, आणि काठी टेकून उभा असलेला एक म्हातारा एकटाच पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकतोय.

"मोताळ्यात या टायमाले मी पंगतीत वांग्याची भाजी खाऊन राह्यलो होतो," भाऊ हळूच म्हणाले. "वरवटले पोट भरेल होतं, म्हनून मांडवातच थांबलो. साऱ्यायनं घाई केली, ते पुसल्या गेले. तुहे बाबा सावकाश उठले, म्हनून राह्यले."

ती पदर डोळ्यांना लावून रडली. मी भाऊंकडं बघू शकलो नाही.

त्या दिवसापासून भाऊंनी घड्याळाला हात लावला नाही. पुढं माझ्या लग्नात पत्रिकेवर अकरा वीस आणि फोटोवर दोन पन्नास छापलं गेलं. सासरेबुवांनी केवढा थयथयाट केला! भाऊ एवढंच म्हणाले, "राहू द्या, पाव्हणे. ज्याची वेळ त्याची त्याले." मीही आता कुठलीही स्क्रिप्ट लिहिताना आधीच्या फोटोला धक्का लागणार नाही अशी तजवीज पहिल्या ओळीत करतो.

मागच्या साली भाऊ गेले. अकराला उचलायचं ठरलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सारा तालुका अकराला हजर होता. मी आता नोकरीला पुण्यात; तिथून पोचलो तेव्हा लोक पांगले होते, चिता निम्मी जळाली होती. मी एकट्यानंच चितेवर गोवरीचा तुकडा टाकला आणि सवयीनं मागं वळून बघितलं. फोटो काढायला कोणी नव्हतं.