साखराबाईची मूठ

साखराबाईच्या चुलीजवळ एक गाडगं असायचं. भाकरीला पीठ काढलं की पहिली मूठ त्यात पडायची, ती देवाची. आठवडाभराच्या मुठी रविवारी रेणापूरच्या चर्चमध्ये जायच्या, त्यावर पाळकांचं घर चालायचं. इतर ख्रिस्ती बायकांची मूठ कधीमधी चुकायची. साखराबाईची चौदा वर्षं चुकली नव्हती, आणि हे ती विचारणाऱ्याला सांगायची, न विचारणाऱ्याला तर आवर्जून सांगायची.

एक गोष्ट मात्र तिनं कुणालाच सांगितली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात घरात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीचं जेमतेम पीठ होतं, तेव्हा तिनं चार दिवस मूठ टाकली नाही. पाचव्या दिवशी तिचा धाकटा, तीन वर्षांचा दावीद, हगवणीनं गेला. तेव्हापासून तिनं मनाशी पक्कं धरलं होतं, मूठ चुकली की देव लेकरू नेतो. लोक म्हणायचे, काय बाईचा विश्वास! मला विचाराल तर बाई नुसती भ्यालेली होती.

आता पुन्हा दुष्काळ. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. तिकडं नव्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या, इकडं विहिरींचे तळ दिसत होते. मुलगा शमुवेल लातुरात विटा वाहायला गेलेला. घरात सासू, सून सिंधू आणि चार महिन्यांची नात. सिंधूचं दूध आटत चाललं होतं. पोर छातीला लागायची, सोडायची, पुन्हा रडायची.

शुक्रवारी सकाळी डब्यात एका भाकरीपुरतं पीठ उरलं. तरी साखराबाईचा हात गाडग्याकडं गेलाच.

"आत्या, आजची मूठ ऱ्हाऊ द्या," सिंधू म्हणाली.

"इस्वास ठेव. देव देतो."

"दिलंय की. गाडग्यात हाय."

साखराबाई भडकली, सुनेला नाही नाही ते बोलली आणि मूठ टाकून अंगणात गेली. झाडलेलं अंगण तिनं पुन्हा झाडलं. प्रार्थनेला बसली, तर 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या ओळीवर जीभ अडली. उठली, बसली, परत उठली. मूठ टाकावी तर सुनेचं दूध जातं, न टाकावी तर देव कोपतो. दोन्हीकडून पोरच जात होती.

दुपारी पोरीचं रडणं थांबलं. दावीदही शेवटी असाच गप्प झाला होता. साखराबाई धावत आत आली, तिनं गाडगं परातीत पालथं केलं आणि भाकरी थापल्या. सिंधू खात असताना तिनं दावीदचं सगळं सांगून टाकलं.

सिंधूचा घास हातातच राहिला. "आत्या, ज्यांनी मूठ टाकली, त्यांची लेकरं त्या साली वाचली का?"

शेजारच्या मार्थाबाईनं त्या दुष्काळात मुठीचा एक दिवस चुकवला नव्हता. तिची दोन लेकरं गेली. त्यांना शेवटची आंघोळ साखराबाईनंच घातली होती. चौदा वर्षं हे तिला ठाऊक होतं, आणि चौदा वर्षं तिनं तिकडं पाहिलं नव्हतं. ती मोठ्यानं रडली.

रडल्यानं भीती गेली असं कुणी समजू नये. शनिवारभर ती पोरीच्या नाकापुढं बोट धरून श्वास बघत होती. पोर पीत होती, पण थोडंच.

रविवारी तिनं चर्चमध्ये बायकांच्या गाडग्यांच्या ओळीत आपलं रिकामं गाडगं ठेवलं. एरवी तिची प्रार्थना ठरलेली असायची, मी मूठ दिलीय, तू लेकरं सांभाळ. आज पहिलं वाक्यच नव्हतं.

"माझ्याकडं द्यायला काय बी न्हाई," ती पुटपुटली. "दावीदला तू का नेलंस, मला कळत न्हाई. तरी पोर तुझ्याच हवाली करते."

घरी पोर कशी असेल, या विचारानं तिचे पाय दाराकडं ओढत होते. तिनं दोनदा पदर सावरला, उठू पाहिलं, आणि पाळकांचा शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत तिथंच बसून राहिली.