स्वल्प थांब, सरी होईल

जुना रेडिओ लावला, की व्हॉल्व्ह तापून आतली धूळ जळल्याचा वास येतो. आज तो आला आणि मी कानडी मुलखातल्या आमच्या राजाजीनगरच्या घरात, मागच्या खोलीत जाऊन पोचले. अण्णाच्या ॲम्प्लिफायरला असाच वास यायचा. अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो गिटार वाजवायचा, त्याचा मित्र ड्रम, आणि गायचे मी. गाणी सगळी इंग्रजी, रेकॉर्ड ऐकून पाठ केलेली. उच्चारसुद्धा नाकातून, साहेबी.

त्या दुपारी ऐन भरात मी ओळच विसरले. ताल सोडवेना, म्हणून तोंडाला आलं ते गायले, 'स्वल्प थांब गं, सरी होईल.' जरा थांब, ठीक होईल, हे आई दिवसातून दहादा म्हणायची, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. वाटलं, आता दोघं हसणार. पण अण्णा वाजवतच राहिला. 'परत म्हण,' म्हणाला. परत म्हटलं, तेव्हा आवाज पहिल्यांदाच पोटातून आला.

दारात आई उभी होती, हाताला डोशाचं पीठ.

'माझी नक्कल करतेस होय गं?'

आज ती नाही, आणि उत्तर आत्ता सुचतंय: आई, नक्कल तर त्या ओळीपर्यंतच चालली होती.