हळदीच्या पिंपातली काडतुसं

नवऱ्याचं पत्र माझ्या नावावर कधीच आलं नाही. तो पलटणीबरोबर इटलीत लढाईवर, आणि पत्र यायचं मामंजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावानं. ते सोप्यात बसून मोठ्यानं वाचायचे आणि मी माजघराच्या दाराआडून ऐकायची. मला अक्षरओळख नव्हती. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, बैलांची चौकशी. बैलांचीसुद्धा, माझी तेवढी नाही. घरोघरी हीच रीत होती, पण जिवाला रीत समजावून सांगणार कोण?

एका पत्रात मात्र वेगळं आलं. 'माझ्या काडतुसांची पितळी नळकांडी काळी पडली असतील. राखेनं घासू नयेत, ओरखडे पडतात. साफ करून ठेवावीत, आल्यावर भरीन.' मामंजी तिथं जरा खाकरले आणि पुढं बैलांवर गेले.

उसात रानडुकरं शिरायची म्हणून घरात परवान्याची बंदूक होती. उडवलेलं काडतूस तो टाकून देत नसे, नळकांडं साफ करून पुन्हा भरायचा. लढाईवर निघायच्या आदल्या दुपारी त्यानं मला परसात बसवून ते काम शिकवलं होतं. आधी थोडा वेळ चिंचेचं पाणी, मग सुकवून लाकडाच्या भुशात घालायचं आणि सावकाश हलवत राहायचं. दिवसाउजेडी आम्ही शेजारी बसलो ते तेवढंच. म्हणून वाटलं, पत्रातलं ते वाक्य माझ्यासाठी असेल. नसलं तर? हा प्रश्न मला पुढं कितीतरी वर्षं छळत राहिला.

चार दिवसांनी मामंजी म्हणाले, "पोरी, हळद घिऊन सांगलीला जायाचंय. तू बी चल. काडतुसं घासायला कायतरी बघू."

बाजाराला सुनेला बरोबर कोण नेतं? घरात सगळ्यांच्या भुवया चढल्या. आम्ही रहिमतपूरहून आगगाडीत बसलो.

ओळखीच्या जैन व्यापाऱ्याच्या वखारीत हळकुंडं आत घालून, दांड्यानं फिरवून चकचकीत करायची पिंपं होती. मामंजींचा डोळा लोखंडी जाळीच्या मोठ्या पिंपावर गेला. "ह्यात एका दमात समदी हुतील."

"आवं मामंजी, आपटून तोंडं चपटतील त्यांची. मग भरायची कशी?" मी पदर सावरत म्हटलं.

कोपऱ्यात नमुन्यापुरती हळद घासायचं लाकडी पिंप होतं, घागरीएवढं, बाजूला दांडा. मी आत हात फिरवला. खिळ्याचं टोक कुठं लागत नव्हतं.

व्यापारी हसला. "ह्यात हळद मुरलीया. पितळंला वास लागंल."

"तिला पटलंय न्हवं? मग त्येच द्या," मामंजी म्हणाले. सासूबाईंना लुगड्याचा रंगसुद्धा कधी निवडू दिला नव्हता या माणसानं.

घरी आणल्यावर पिंपात अर्धा भुसा, वर नळकांडी. भराभरा फिरवलं तर ती कडेला चिकटून बसतात, घासलीच जात नाहीत. मला कुठं घाई होती? रोज दुपारी फिरवायची. सोन्यासारखी निघाली आणि हळदीचा वास धरला, तरी झालेलीच पुन्हा आत घालायची. काम संपवून करायचं काय, तो तर आला नव्हता.

तो आलाच नाही. तार आली. मामंजींनी नळकांडी पेटीत बंद केली आणि कुणाला भरू दिली नाहीत. डुकरं ऊस खात राहिली.

पुढं पुतणीच्या पाटीवर मी अक्षरं शिकले. मामंजी गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत पत्रं सापडली. ते पत्र मी बोट ठेवून ठेवून वाचलं. 'आल्यावर भरीन' याच्या पुढं आणखी दोन ओळी होत्या. 'कशी करायची ते तिला दाखवले आहे, दुसऱ्या कुणाचा हात लागू नये. तिला सांगावे, मला तिची फार आठवण येते.'

मामंजी खाकरले होते ते इथं.

असा संताप आला की ते समोर असते तर मी बोलले असते. मग त्यांचं ते सांगलीला नेणं आठवलं. चारचौघांत तोंडानं सांगवेना म्हणून त्यांनी मला गाडीत बसवलं होतं. मी रडले, दोघांसाठी रडले.

नंतर पेटी काढली. हळदीचा वास कधीच उडून गेला होता. एकेक नळकांडं उजेडाला धरून बघितलं. एकाचंही तोंड चपटलं नव्हतं. हे त्याला कळवायला हवं होतं, आणि आता तर मला लिहिताही येत होतं.