लाल चिंध्या आणि झोपाळू

आमची आत्या शाळेचे गणवेश शिवते. कापड आणि माणूस दोघांनाही ती सारखंच कापते, म्हणून गल्लीने तिचं नाव कात्रीआत्या ठेवलंय. मापं घेता घेताच तिने पोरं गोळा केली. गळ्याभोवती टेप टाकायची आणि विचारायची, “रविवारी काय दिवे लावतोस? टाकीवर ये.”

पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर एक कंदाचं रोपटं आहे. होतं. वीतभर उंच, पांढऱ्या फुलांचं, आपल्याच इथल्या खडकाळ मातीत येणारं. वर्षातले बरेच महिने ते जमिनीखाली झोपून असतं, म्हणून पोरं त्याला झोपाळू म्हणतात. त्याच उतारावर बाहेरून आलेलं एक काटेरी झुडूप माजलंय. ते झोपाळूचं ऊन अडवतं. आत्या आणि पोरं दर रविवारी ते मुळासकट खणायची आणि जाळून टाकायची, कारण तुकडा जरी राहिला तरी ते पुन्हा डोकं वर काढतं.

यंदा झोपाळूला कळ्या आल्या. प्रत्येक पोराने आपापलं एक रोप निवडलं. चुकून पाय पडू नये म्हणून आत्याने दुकानातल्या लाल कापडाच्या चिंध्या दिल्या, पोरांनी त्या प्रत्येक रोपाशेजारी काडी रोवून बांधल्या. फुलं कधी उमलतात याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

आणि मग आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष जागे झाले. हे गृहस्थ उतारावर येतात ते फोटोपुरते. एरवी उंटावरून शेळ्या हाकतात. शनिवारी एका कचेरीतली माणसं श्रमदानाला येणार असं त्यांनी परस्पर ठरवलं. आत्या तेव्हा परगावी, बहिणीकडे. तिला एक फोन करायला काय झालं होतं? पण नाही. अध्यक्षांनी उतारावरच्या चिंध्या पाहिल्या आणि आत्याने काढायच्या झाडांना खूण करून ठेवलीय असं स्वतःच ठरवून टाकलं. पाहुण्यांना म्हणाले, “लाल चिंधी दिसेल ते काढा. मुळासकट. आणि जाळा, इथला नियम आहे.”

माणसं कामाला चोख निघाली. एक कंद सोडला नाही.

रविवारी सकाळी परतलेल्या आत्याबरोबर मी उतारावर गेले, तर राखेचा ढीग आणि त्याभोवती काटेरी झुडूप पुरुषभर उंच, तसंच्या तसं उभं. त्याला चिंधी नव्हती ना! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्या राखेत काठी घालून एखादा कंद उरलाय का ते बघत होती. उरला नव्हता.

अध्यक्ष आले. स्वच्छ बूट, हातात पाण्याची बाटली.

“झालं ते झालं हो आत्याबाई,” ते म्हणाले. “पोरांचं मन कशाला मोडायचं? शेळ्यांनी खाल्लं म्हणून सांगू. मी नर्सरीतून छान रोपं आणून देतो.”

“शेळ्या खाऊन राख करून जातात का?” आत्या कडाडली. “आणि हे तुमच्या नर्सरीत मिळत असतं, तर उन्हात माझी कंबर मोडायची हौस होती का मला? पोरं येतायत. तुम्ही चुकलात, तुम्हीच सांगायचं. त्यांना खोटं शिकवायला मी इथे येत नाही.”

पोरं आली. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि एवढं ऐकूनही हसत हसत म्हणाले, “बाळांनो, काय झालं, काल इथे शेळ्या घुसल्या...”

मला त्यांच्या हातातली बाटली घेऊन त्यांच्याच डोक्यावर ओतावीशी वाटली. आत्या तोंड उघडणार, तेवढ्यात चिमणी पुढे आली. गटातली सगळ्यात लहान.

“शेळ्या नाही आल्या,” ती म्हणाली. “माझे बाबा आले होते. त्यांच्या ऑफिसातले सगळे. घरी येऊन बाबांनी मला हाताला आलेले फोड दाखवले. म्हणाले, बघ, तुझ्या उतारासाठी किती काम केलं! लाल चिंधीवालं एकही ठेवलं नाही म्हणाले.”

अध्यक्ष बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

“मग तू काय म्हणालीस?” आत्याने विचारलं.

“काही नाही. ते खूप खूश होते.” चिमणीने फ्रॉकला हात पुसले. “मी त्यांच्या फोडांना मलम लावलं.”

आत्याने अध्यक्षांकडे नुसतं पाहिलं. तिची जीभ बंद पडलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. मग तिने चिमणीला उचलून कडेवर घेतलं, एवढी मोठी पोर, आणि तशीच उतार उतरून तिच्या बापाच्या घराकडे चालू लागली.