बारकी सुईणीनं तोंड उघडलं

बारकीच्या हाताला यश होतं, हे किन्हवलीच्या आसपास कुणालाही विचारा. वाडीवरची ठाकराची बाई, अंगठाबहाद्दर, उंचीनं एवढीशी, पण अडलेली बाळंतीण सोडवायला तिच्यासारखी दुसरी नव्हती. सरकारी दवाखान्यात दायांना शिकवलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला नवं पातं, दोरा, साबण घातलेली पेटी दिली, आणि वर तिच्याकडूनच दोन गोष्टी शिकून घेतल्या. पण बारकीला त्या हाताचा एवढा गर्व नव्हता. तिला गर्व होता आपल्या बंद तोंडाचा.

बाळंतपणाच्या खोलीत काय काय होतं ते पुरुषांना ठाऊक नसतं, आणि बाया सांगत नाहीत. कळा देता देता बाईला तिथंच परसाकडला होतं. लघवी सुटते, वारा सरतो, एखादीला भडाभडा ओकारी होते. अहो, एवढं पोराचं डोकं खाली उतरताना आतडं दाबतं, मग दुसरं काय होणार? पाटलीण असो नाहीतर मोलकरीण, कुणाची सुटका नाही. बारकी जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसून घ्यायची, वर राख टाकायची आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढच्या कामाला लागायची. बाहेर आल्यावर चकार शब्द नाही. गावातल्या निम्म्या बायांची गुपितं तिच्या पोटात होती. त्याच बाया पुढं रस्त्यात भेटल्या की पदर ओढून बाजूनं जायच्या. बारकीला वाईट वाटायचं. पण जाऊ दे, आपलं तोंड बंद आहे ना, असं म्हणून ती आपल्या वाटेला लागायची.

सगळ्यांत लांबून जायची ती धोंडीबाई. गावची वाघीणच ती! तिच्या सारवलेल्या अंगणात कोंबडीनं घाण केली तर कोंबडीच्या मालकिणीच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. तिचा थोरला पंढरी बारकीच्या हातावर जन्मला. पहिलंच बाळंतपण, पण ऐन लावणीत सासूनं माहेरी धाडलं नव्हतं. धोंडीबाईनं बारकीला लुगडं दिलं, दर दिवाळीला तांदूळ पाठवले, पण बावीस वर्षांत एकदाही डोळ्याला डोळा भिडवला नाही. धाकट्या रंजिताच्या वेळी तर सातव्या महिन्यातच वैशाखरे गावी माहेरी निघून गेली. का, ते बारकीला पक्कं ठाऊक होतं. पण बोलणार कोण?

आणि मग सत्त्याण्णव सालचा तो मे महिना आला. रंजिताची हळद! जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, दारात बेंजो, धवलारीण खड्या आवाजात गाणी म्हणतेय, पोरं पिवळी होऊन नाचतायत. त्या गर्दीत पंढरीची बायको राही, पहिलटकरीण, नऊ महिन्यांचं पोट घेऊन बसलेली. दिवस भरायला पंधरवडा होता, म्हणून नणंदेच्या हळदीला माहेराहून हट्टानं आली होती. आणि नेमक्या त्याच सकाळी हिला कळा सुरू! पंढरी धावत वाडीवर गेला आणि बारकीला घेऊन आला.

बारकीनं पोट चाचपलं. पोर खाली तोंड करून नीट होतं, पण राहीच्या अंगात जीव नव्हता. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, पोरीनं आठवडाभर घास-दोन घासांवर दिवस काढले होते. तिची थोरली बहीण शहरात कुठल्याशा दवाखान्यात बाळंत झाली, तेव्हा कळा देताना तिला परसाकडला झालं आणि तिथली आया सगळ्यांसमोर तिला वाटेल ते बोलली. मग त्या शहाणीनं राहीच्या कानात मंत्र दिला होता. दिवस भरत आले की खायचं नाही, आणि आलंच तर दात आवळून दाबून धरायचं. अरे देवा, काय ही अक्कल!

बारकीनं तिला बळेबळे गूळ घालून पेज पाजली. अजून वेळ आहे, असं म्हणून ती चहाला ओसरीवर टेकली. तिथंच ती चुकली. चहा अर्धा झाला न झाला, ती आत डोकावली, तर खोली रिकामी! मागचं दार उघडं, आणि कोपऱ्यातलं टमरेल गायब.

बारकीनं लगेच ओळखलं. राहीला परसाकडचा जोर आला होता, आणि कुणाला दिसू नये म्हणून ती पाणी घेऊन शेताकडं निघाली होती. पहिलटकरणीला काय कळणार, की असा जोर येतो तेव्हा ते पोरच दाराशी आलेलं असतं! बारकीनं पेटी उचलली आणि पळत सुटली. मांडवातनं, नाचणाऱ्या पोरांमधनं, बेंजोवाल्याचा पाय तुडवत. साठीची म्हातारी अशी धावताना पाहून धोंडीबाईनं हातातली हळदीची वाटी टाकली आणि ती मागोमाग धावली.

बांधापलीकडं करवंदीच्या जाळीआड राही सापडली. दगडाला धरून उकिडवी बसलेली, घामानं निथळत, मांड्या आवळून. बारकीनं पाहिलं, पोराचं डोकं दिसत होतं. कळ आली की पुढं यायचं, राही आवळून धरायची की मागं जायचं. असं किती वेळ चालणार? अडकलेलं पोर आत गुदमरतं, हे बारकीनं एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. ती राहीच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली.

तिनं सांगितलं, जोर कर. राही ऐकेना. आधी तुम्ही दोघी जा, मग करते, एवढंच तिचं पालुपद. आणि नजर सारखी सासूकडं. ज्या अंगणात कोंबडीला माफी नाही, त्या घरची ही सून.

बारकीच्या जिभेवर वाक्य आलं होतं. तुझी सासू पन अशीच माझ्या हातावर मोकळी झाली, एवढं बोललं की काम झालं असतं. पण चाळीस वर्षांत मोडला नाही तो नेम आज मोडायचा? तोही धोंडीबाईसमोर? पोर मोठं की शब्द मोठा, हे काय विचारायला हवं होतं? बारकीनं तोंड उघडलं.

तेवढ्यात धोंडीबाई हळदीच्या नव्या कोऱ्या लुगड्यासकट मातीत बसली. तिनं सुनेला मागनं मिठीत धरलं.

"राही, आयक. पंढरीच्या टायमाला मी बारकीच्या हातावरच हगले. मुतले पन. सासू दारात उभी व्हती, सगळं बघत व्हती. पोर मोठं झालं, मी पन जित्ती हाय. तू कर गो, काय व्हायचं ते होऊ दे."

राही कळ विसरून बघतच राहिली. मग तिनं बारकीकडं पाहिलं, खरं का म्हणून. बारकीनं धोंडीबाईकडं पाहिलं, आणि धोंडीबाईनं बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत डोळे घालून मान डोलावली.

"खरं हाय," बारकी म्हणाली. "तिचंच नाय, समद्यांचं. आता ढकल."

राहीला हसू फुटलं, रडूही फुटलं, आणि त्यातच कळ आली. तिनं जो जोर केला म्हणता! जे व्हायचं होतं ते झालंच, बारकीनं पाल्यानं बाजूला सारलं, आणि पाठोपाठ डोकं, खांदा, सगळी पोर सुळकन बारकीच्या हातात! मुलगी! क्षणभर गप्प राहिली आणि मग असं रडली की बेंजोच्या वर आवाज गेला. पंढरी खाट घेऊन धावत आला. तिकडं धवलारणीनं हळदीचं गाणं अर्ध्यात सोडून बारशाचंच काढलं. मांडवात नुसता कल्लोळ! नवरी पिवळ्या हातांनी भाचीला बघायला पळाली आणि हळद लावणाऱ्या बाया तिच्यामागं.

धोंडीबाईनं सुनेला न्हाणीत स्वतः धुतलं, कुणाला हात लावू दिला नाही. मग ती मागच्या दारी बारकीजवळ येऊन बसली आणि खालच्या आवाजात तिनं विचारलं, हे किती जणींचं होतं. बारकीनं सांगितलं, जवळजवळ सगळ्यांचंच. ज्यांचं झालं नाही अशा बाया ती बोटांवर मोजून दाखवेल.



"बावीस वरसं मला वाटत व्हतं, जगात मी एकलीच," धोंडीबाई म्हणाली. "तू मला तवाच का नाय सांगितलंस?"

जन्मभर ज्या बंद तोंडाचा बारकीनं तोरा मिरवला, त्यापायी किती जणींनी आपल्याला एकटं समजून पदर ओढले असतील, ते तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. तिनं धोंडीबाईचा हात धरला आणि चुकलं माझं, असं सरळ कबूल केलं.

आठ दिवसांनी वाडीवर नवसूच्या सुनेला कळा लागल्या. बारकी आत गेली, पेटी खाली ठेवली, आणि पोटाला हात लावायच्या आधी पोरीच्या उशाशी बसली.

"आयक गो," ती म्हणाली, "आज तुला परसाकडला व्हनार. समद्या बायांना व्हतं, मला पन झालं व्हतं."